मागच्या शटरचं रेकॉर्डिंग

कॅमेरा विकत घ्यायला येणारा माणूस कुणावर तरी संशय घेऊनच येतो. तोंडानं मात्र 'आपलं सेफ्टीसाठी हो' असं म्हणतो. कुणाला नोकर खुपत असतो, कुणाला शेजारी, कुणाला सख्खा भाऊ. कॅमेरेवाल्याला इतक्या वर्षांच्या धंद्यात हे पाठ झालं होतं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच 'किती मेगापिक्सेल?' असं विचारायला लागलं की तो स्टूल पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "मेगापिक्सेल राहू द्या. बघायचंय काय ते आधी सांगा. कुणीतरी आलं एवढंच कळायला हवं, की कोण आलं ते कळायला हवं?"

गिऱ्हाईक गडबडायचं. दोन्ही एकच नाही का, असं त्याला वाटायचं. कॅमेरेवाल्याच्या मते अर्धं जग इथंच फसतं. रुंद भिंगाचा कॅमेरा घ्यायचा, उंच टांगायचा, त्यात सगळं आवार दिसतं, झाड दिसतं, समोरच्याची गाडी दिसते, आणि चोर येतो तेव्हा तो मुंगीएवढा दिसतो. मग लोक पडद्याला नाक लावून बसतात. कॅमेरे घेताना खिसा सैल आणि हार्ड डिस्क घेताना हात आखडता, हा दुसरा गाढवपणा. डिस्क भरली की नवं रेकॉर्डिंग जुन्याच्या उरावर बसतं. चोरी होते एका आठवड्यात, ध्यानात येते दुसऱ्या आठवड्यात, आणि तोवर त्यात उरलेलं असतं फक्त कालच्या दिवशी मांजर कसं भिंतीवरून गेलं ते.

असलं सगळं तो प्रत्येकाला ऐकवायचा. बोलण्याची भारी हौस. काम करताना तोंड बंद ठेवलं तर त्याचे हातही थांबायचे, असं त्याची बायको म्हणायची.

औषधांच्या गोदामाचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो मालकाशी दोन गोष्टींवरून चांगला तासभर हुज्जत घालत बसला होता. मालक म्हणजे कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन चौथ्यांदा ओढणारा माणूस. त्याला सगळीकडे तेच घुमटासारखे स्वस्त कॅमेरे हवे होते. कॅमेरेवाला म्हणाला, "बाकी कुठंही लावा. पण मागच्या शटरला लांब भिंगाचा लावू. शटर सोडून दुसरं काही दिसणार नाही त्यात, पण जो कुणी शटर उघडेल त्याच्या गालावरचा तीळ मोजता येईल." दुसरी गोष्ट डिस्कची. महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील एवढी मोठी घ्या म्हणाला. मालकानं दोन्ही ऐकलं. आणि त्याच भरात, मालक खूश आहे असं बघून, कॅमेरेवाल्यानं मेहुण्यासाठी शब्द टाकला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात सगळ्यात लहान म्हणून बारक्या. आता तो दारातून आत येताना मान वाकवायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरी त्याला टिकत नव्हती. कुठं साहेबाशी बिनसायचं, कुठं कंपनीच बंद पडायची. शिवाय शाळेत असताना त्यानं मामाचं मनगटी घड्याळ लांबवून मित्राला विकलं होतं, आणि ती गोष्ट घरातले लोक अजून, पाहुणे जमले की, हसत हसत सांगायचे. बारक्याही हसायचा. पण गोष्ट संपायच्या आत उठून पाणी प्यायला जायचा, हे कॅमेरेवाल्यानं पाहिलेलं होतं.

"माझा मेहुणा आहे," तो मालकाला म्हणाला होता, "हाताचा स्वच्छ आहे." बारक्या गोदामात लागला. माल उतरवून घ्यायचा, खोकी रचायची, मागचं शटर उघडायचं आणि लावायचं. त्या शटरच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या, एक बारक्याकडे आणि दुसरी मॅनेजरकडे.

दीड-दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस महागड्या इंजेक्शनांची खोकी मोजताना कमी भरली. कुलूप तुटलेलं नाही, पत्रा उचकटलेला नाही. बाहेरून कुणी आलेलं नव्हतं. मालकानं आरडाओरडा केला नाही. तो केबिनमध्ये जाऊन बसला आणि डीव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डब्बा, लावायला सांगितला. डीव्हीआर लागेना. कधीपासून बंद होता कोण जाणे, कारण कॅमेऱ्यांचे लाल दिवे पेटलेले दिसले की सगळं चालू आहे असं लोक धरून चालतात.

मालकानं कॅमेरेवाल्याला फोन केला. "तुमचा डब्बा बोलत नाहीये," तो म्हणाला, "आणि तुमच्या मेहुण्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. पण आधी डब्बा."

त्या संध्याकाळी बायकोनं पोळ्या लाटता लाटता पाठमोरीच विचारलं, "त्यात तोच दिसला तर?"

"दिसला तर दिसला," कॅमेरेवाला म्हणाला. बोलायला सोपं होतं. त्याला झोप लागली नाही, आणि तिलाही लागली नाही हे त्याला कळत होतं, पण दोघंही झोपल्यासारखे पडून राहिले.

एकटा बारक्याच तेवढा मोकळा होता. सकाळी गोदामाच्या दारातच तो भेटला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. "भाऊजी, लवकर चालू करा तेवढं," तो म्हणाला. "कालपासून सगळे माझ्याशी असे गोड बोलतायत की मला मळमळायला लागलंय. मागच्या शटरचं रेकॉर्डिंग लावा, मी समोर उभा राहतो. काय ते होऊन जाऊ दे."

केबिन म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यात काच लावून केलेली खोली. कपाटावर डीव्हीआर, त्याच्यावर बोटभर धूळ. मालक खुर्चीत, मॅनेजर त्याच्या मागे भिंतीला टेकून, बारक्या दाराशी. कॅमेरेवाल्यानं यंत्र खाली घेतलं, चालू केलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, पडदा काळा झाला, पुन्हा चिन्ह आलं, पुन्हा काळा. एखादा विसराळू म्हातारा घराबाहेर पडावा आणि काहीतरी आठवून परत आत यावा, तसं त्याचं चाललं होतं.

"अडॅप्टर असेल," कॅमेरेवाला म्हणाला. मीटर लावला तर वीज बरोबर होती, पण मीटरवर बरोबर दाखवणारा अडॅप्टर ओझं पडलं की मान टाकतो, हेही त्यानं मालकाला समजावून सांगितलं आणि पिशवीतला नवा लावला. तेच. मग झाकणाचे स्क्रू काढले आणि डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवल्या. डिस्क खराब असली तर डिस्कशिवाय यंत्र सुरू व्हायला हवं. नाही झालं. तेच चिन्ह, तोच काळा पडदा. कॅमेरेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"बोर्ड गेलाय," तो म्हणाला. "बोर्ड गेला तर जाऊ दे. डिस्क शाबूत आहे. रेकॉर्डिंग डिस्कमध्ये असतं. याच कंपनीचा दुसरा डीव्हीआर आणतो, त्यात ही डिस्क घालतो, बंद पडल्या दिवसापर्यंतचं सगळं जसंच्या तसं दिसेल."

"नक्की?" मालकानं विचारलं.

"माझी जबाबदारी."

मॅनेजर घसा साफ करत म्हणाला, "दुसरा कुणी बोलवायचा का? तसं काही नाही, पण नात्याचा मामला आहे."

मालकानं खुर्ची पुढे ओढली. "यांनीच लावलंय, यांनाच माहीत," तो म्हणाला. "माझ्यासमोर करू दे. मी इथून हलत नाही."

कॅमेरेवाला दुकानात जाऊन नवाकोरा डीव्हीआर घेऊन आला. खोकं सगळ्यांदेखत फोडलं. जुन्या यंत्रातली डिस्क नव्यात बसवली, वायरी जोडल्या, माउस लावला. नवं यंत्र पहिल्यांदा चालू केलं की ते आधी ओळख करून घेतं. भाषा कुठली, तारीख काय, पासवर्ड काय ठेवू, डिस्क आहे का, ती तयार करू का. नव्या जोडणीत डिस्कही कोरीच असते, म्हणून त्या शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं. जुनी भरलेली डिस्क असेल तर ही सगळी प्रश्नावली सुरुवातीलाच बंद करायची आणि सरळ आत शिरायचं. हे त्याला माहीत होतं. धंद्यात नव्यानं आलेल्यांना त्यानं ते बजावून बजावून सांगितलं होतं.

पण तो बोलत होता. मालक खांद्याशी येऊन उभा होता, बारक्या दारातून दोन पावलं आत सरकला होता, खिशातला फोन थरथरत होता आणि तो फोन बायकोचाच असणार हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी त्याची जीभ जास्तच चालायची. लांब भिंग का लावलं, त्यात चेहरा कसा येतो, अंधारातसुद्धा कसा येतो, सगळं सांगत तो पुढे पुढे दाबत गेला. भाषा, पुढे. तारीख, पुढे. पासवर्ड, तोच पुन्हा, पुढे. डिस्क सापडली, तयार करू? सगळं पुसलं जाईल, चालेल? हो.

पडद्यावर एक पट्टी भरत गेली आणि हिरवी खूण आली.

"…आता मागचं शटर उघडतो," तो म्हणत होता, "आणि मग बघा…"

आणि त्याला दिसलं. त्यानं हिसका देऊन वायर उपटली. डोक्यावरचा पंखा फिरत राहिला. तो तिथंच यंत्रासमोर गुडघ्यांवर बसून राहिला.

"काय झालं?" मालकानं विचारलं.

"पुसलं गेलं."

"कुणी पुसलं?"

"मी."

पहिला बोलला बारक्या. "पण परत येत असेल ना, भाऊजी?" तो म्हणाला. "कॉम्प्युटरवरचं येतं की परत. येतं ना?" त्याचा आवाज इतका साधा होता की कॅमेरेवाल्याला त्याच्याकडे बघवेना.

कधी कधी येतं परत. कॅमेरेवाल्यानं तसं सांगायला तोंड उघडलं, पण मालकानं वाकून ती डिस्क स्वतःच सोडवून घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली. "आता तुम्ही हात लावू नका," तो म्हणाला. "मी दुसऱ्याला दाखवतो." दुसऱ्याकडून उत्तर यायला बरेच दिवस गेले, आणि आलं ते असं, की पुढच्या फाटकाचे थोडे तुकडे निघालेत, त्यांवर तारीख-वेळ नाही. मागच्या शटरचं एकही चित्र निघालेलं नाही.

मालक पोलिसांत गेला नाही. त्यानं दोघांना बोलावून समोर बसवलं, चहा मागवला, आणि शांतपणे बारक्याला कामावरून काढलं. मग कॅमेरेवाल्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या या हातानं माझ्या गोदामातला कॅमेरा न् कॅमेरा लावला. कधी वायर उलटी लागली नाही. मग हा हात नेमका त्याच दिवशी कसा चुकला, एवढंच सांगा मला."

कॅमेरेवाला सवयीबद्दल बोलला. नव्या डिस्का, तीच प्रश्नावली, हाताला लागलेलं वळण. बोलता बोलता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. मालक सगळं ऐकून घेत होता. "बरं," तो म्हणाला. "चहा घ्या." बारक्यानं कपाला हात लावला नाही. उठताना तो मालकाला म्हणाला, "मी घेतलेली नाहीत." मालकानं मान हलवली, ऐकलं एवढ्याच अर्थानं.

बाजारात बातमी पसरायला कॅमेरे लागत नाहीत. मेहुण्यासाठी डिस्क पुसली, असं दोन दिवसांत सगळीकडे झालं. काही गिऱ्हाइकं तुटली. दोन-तीन मात्र नव्यानं आली. एक तर इस्त्रीच्या कपड्यांतला, भारी घड्याळ घातलेला माणूस होता. तो स्टुलावर बसला, कॅमेऱ्यांचे भाव विचारले, आणि हळूच म्हणाला, "आमच्याकडेही एक जुनं रेकॉर्डिंग आहे. चुकून जाईल का ते?" आणि डोळा मारला. कॅमेरेवाल्यानं त्याला हाकलून दिलं, पण हाकलताना आवाज चढला नाही. लाज वाटण्याचीसुद्धा त्याला लाज वाटायला लागली होती.

कॅमेरेवाल्याला वाईट या सगळ्याचं वाटत नव्हतं. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. हात खरंच सवयीनं गेला का, हेच त्याला आता खात्रीनं सांगता येईना. 'सगळं पुसलं जाईल' ही ओळ डोळ्यांखालून गेली होती, असं कधी त्याला आठवायचं. कधी वाटायचं, हे आपण मागून रचलंय. आदल्या संध्याकाळी बायकोनं विचारलेला प्रश्न पोटात होता, तोच बोटापर्यंत उतरला असेल तर?

बिघाड शोधायची त्याची एक रीत होती. जो बिघाड पुन्हा घडवून दाखवता येतो तो सापडतो. जो पुन्हा होतच नाही, त्याच्यामागे उभं आयुष्य गेलं तरी तो सापडत नाही. म्हणून एका दुपारी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, एका जुन्या डिस्कवर दुकानातलंच रेकॉर्डिंग केलं, आणि नवं यंत्र पुसून कोरं करून ती डिस्क त्यात घातली. मग मुद्दाम मोठ्यानं बडबडत सुटला, लांब भिंग, रुंद भिंग, मेगापिक्सेल, जे येईल ते, आणि पुढे पुढे दाबत गेला. त्या बटणाशी हात थांबला. पुन्हा केलं. फोनवर बायकोशी बोलत केलं. डोळे मिटून घड्याळाच्या टिकटिकीवर केलं. दर वेळी हात त्याच जागी, लगाम खेचल्यासारखा थांबायचा. एकदाही चुकला नाही. शेवटी त्यानं माउस खाली ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकून, कुणी बघत नाही ना एवढी खात्री करून, रडला.

बारक्या मात्र रोज गोदामावर जात राहिला. आत घेत नव्हते. फाटकाशी उभा राहायचा आणि मालकाची गाडी आली की विचारायचा, "निघालं का काही?" शेवटचं उत्तर आल्यावर त्याचं जाणं थांबलं. दुसरी नोकरी बघायला गेला की आधीची का सोडली असं विचारायचे, आणि तो खरं सांगायचा. खरं सांगू नकोस, असं बहिणीनं दहादा बजावलं. "मग काय सांगू?" तो म्हणायचा. "खोटं बोललो तर मग मी चोरच की."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सासूबाई आल्या. कॅमेरेवाला स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बंद पडलेला मिक्सर खोलून बसला होता. सासूबाई समोर बसल्या. त्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, जिन्याबद्दल बोलल्या, आणि मग टेबलावरून हात पुढे करून त्यांनी त्याचा हात, स्क्रूड्रायव्हरसकट, दोन्ही हातांत घेतला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "इतके दिवस बोलायचं राहिलं. तुम्ही माझा मुलगा वाचवलात."

"आई, असं नाही काही," तो म्हणाला. "माझ्या हातून चुकून झालं."

"हो ना, चुकूनच," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना आम्ही तेच सांगतो. माझ्या तोंडून दुसरा शब्द निघायचा नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडलंत. सख्खा भाऊ करत नाही हो कुणासाठी एवढं."

बायको ओट्याशी उभी होती. तिनं पदरानं डोळे टिपले, आणि कॅमेरेवाल्याला कळलं की हे दोघींचं कधीच बोलून झालेलं आहे. डिस्क पुसली त्या दिवसापासून घरात आपल्याला जास्त जपलं जातंय, चहा न मागता मिळतोय, आवाज चढला तरी ती उलट बोलत नाहीये, हे सगळं एकदम त्याच्या ध्यानात आलं.

पॅसेजमध्ये बूट काढल्याचा आवाज झाला होता, तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. बारक्या स्वयंपाकघराच्या दारात, सवयीप्रमाणे मान वाकवून उभा होता. आईला इथवर सोडून तो खाली कोपऱ्यावर पेपर आणायला गेला होता. पेपर त्याच्या काखेत होता.

"आई," तो म्हणाला, "तुला वाटतं मी घेतली खोकी?"

"मला काय वाटायचंय," सासूबाई घाईघाईनं डोळे पुसत म्हणाल्या. "झालं ते होऊन गेलं. आता उगाळायचं कशाला?"

"ताई?"

बहीण म्हणाली, "बस आधी. चहा टाकते."

तो बसला नाही. त्यानं कॅमेरेवाल्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"एक ती डिस्क होती, भाऊजी," तो म्हणाला. "ती म्हणाली असती, हा नाही. आता तुम्हीच सांगा. चुकून दाबलंत, की मला वाचवायला दाबलंत? चुकून म्हणालात तर मी विश्वास ठेवतो. देवाशप्पथ ठेवतो. माझं वाटोळं झालं तरी चालेल, पण निदान तुम्हाला तरी वाटत नव्हतं की मी चोर आहे, एवढं मला कळेल."

प्रश्न सोपा होता. दोनच उत्तरं होती, आणि कुठलं द्यायचं हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. कॅमेरेवाल्यानं तोंड उघडलं. पण त्याच क्षणी त्याला ती ओळ दिसली, ते बटण दिसलं, आपलं बोट दिसलं, आणि ते बोट कुणाचं ऐकून खाली गेलं ते काही केल्या दिसेना. खोटं बोलायचं नाही, एवढ्याच एका गोष्टीला तो नको त्या वेळी अडून बसला. आयुष्यभर ज्याची जीभ थांबली नव्हती त्याची तेव्हा थांबली.

बारक्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग मान डोलावली. काखेतला पेपर टेबलावर, मिक्सरच्या स्क्रूंना धक्का लागणार नाही असा बाजूला ठेवला. पॅसेजमध्ये जाऊन बूट घातले. एका बुटाची नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळातही कुणी उठून त्याच्यापाशी गेलं नाही. मग दार लागलं.

"येईल," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून असाच आहे. राग उतरला की येतो." आणि मग आवाज खाली आणून, जावयाची समजूत काढावी तशा म्हणाल्या, "एखाद्याच्या हातून होते चूक. म्हणून काय पोराला टाकून देतो का कुणी?"

जिन्यावरून उतरणारी पावलं खालच्या मजल्यावर पोचली होती. कॅमेरेवाला उठला. खुर्ची मागे कलंडली.

"त्यानं घेतली नाहीत," तो म्हणाला. "आई, त्यानं चोरी केलेली नाही."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. बायकोचा चेहरा एकदम उजळला, इतके दिवस कुणीतरी असं म्हणेल म्हणून ती थांबली होती असा. ती ओट्यापासून पुढे आली.

"तुम्ही बघितलंत का त्यात?" तिनं विचारलं. "पुसायच्या आधी?"

खाली फाटक वाजलं.

"नाही," तो म्हणाला.

तिनं मान खाली घातली आणि कलंडलेली खुर्ची उचलून सरळ ठेवली.